आत्तींच्या सव्वीस वह्या



दिवाळीच्या आधी आमच्या निगडीच्या घराचा माळा आवरायला काढला. जुनी पातेली, मुलांचा पाळणा, एक मोडका स्टोव्ह आणि तळाशी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत सासूबाईंच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. वाण्याच्या दुकानात असते तशी लाल चोपडी यात एकही नाही. काही शाळेच्या शंभर पानी वह्या आहेत, तर काही मुलांच्या जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पाने काढून दाभणाने शिवलेल्या. एकूण सव्वीस. पहिली १९६४ ची आणि शेवटची १९९१ ची. मधल्या दोन वर्षांच्या वाळवीने खाल्ल्या.

मी त्यांना आत्ती म्हणायची. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे सासूला आत्ती म्हणायचीच पद्धत. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मी सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजातून बी.कॉम. झालेली. १९८३ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्या वह्या बघून मला हसू आले होते, हे आधीच कबूल करते. ना डावी-उजवी बाजू, ना शिल्लक पुढे ओढलेली. 'साखर, रॉकेल, बाळूला चप्पल, देवळात' असे एकाखाली एक. मी एकदा फार शहाणपणाने म्हटलेसुद्धा, "आत्ती, मी तुम्हाला नीट लेजर घालून देते." त्या म्हणाल्या, "घाल की. पण पैसं वाढनार हैत का त्येनं?"

यंदा त्या वह्या घेऊन पंधरा दिवस बसले. आपल्या या पट्ट्याचा इतिहास लिहिताना कारखान्यांची नावे येतात, उद्घाटनांच्या तारखा येतात. पण त्या कारखान्यांतल्या पगारावर घर कसे चालले ते कोण लिहिणार? म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, चहा करून घेऊन बसा.

आधी थोडे आपल्या गावाविषयी, कारण आपल्या सुनांना हे सगळे पहिल्यापासून असेच होते असे वाटते. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी बसली, म्हणून आजही जुनी माणसे 'पिंपरी कॅम्प' म्हणतात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला स्कूटरचा कारखाना, पिंपरीला टेल्को, आणि त्यांना लागणारे सुटे भाग करणारी शेकडो छोटी वर्कशॉपे भोसरीपर्यंत पसरली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, सगळीकडून पोरे आली. नगरपालिका झाली १९७० मध्ये, महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे माणसे आधी आली, नळ आणि रस्ते मागून.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, मिरज तालुक्याच्या पूर्व भागातले. तिकडे पाऊस कमी आणि जमीन भावांत वाटलेली. १९६३ ला ते इकडे एका कारखान्यात फिटरचे हेल्पर म्हणून लागले आणि वर्षाने आत्तींना घेऊन आले. चिंचवड स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या. पहिल्या वहीचे पहिले पान तिथले आहे. वर 'श्री महावीराय नमः', खाली 'भाडे', आणि त्याखाली 'नळाची पिशवी - कापड घरचे'.

ही नळाची पिशवी तुम्हाला सांगायला नको, पण पोरींना सांगा. पाणी गाळून प्यायचे, हा आपल्यातला पहिला नेम. गावी विहिरीवर दुहेरी जाड कापडाचे गाळणे असे आणि गाळून झाल्यावर त्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडत. इथे नळ आला. मग आत्तींनी मामांच्या जुन्या धोतराचे दुहेरी कापड घेऊन नळाच्या तोंडाएवढी पिशवी शिवली आणि नाडीने बांधली. वह्यांत दर काही महिन्यांनी 'नळाची पिशवी' येते आणि पुढे किंमत नाही, नुसते 'घरचे'. सव्वीस वह्यांत हा 'घरचे' शब्द मी मोजायला घेतला आणि सातव्या वहीत सोडून दिला. उशीचा अभ्रा - घरचे. शेवया - घरच्या. पूजेची थैली, दप्तर, झबली, पायपुसणे, सगळे घरचे. कॉमर्सवाल्यांच्या भाषेत ज्याला पैसा लागला नाही त्याची नोंद होत नाही. आत्तींनी मात्र नोंद केली, किंमत लिहिली नाही एवढेच.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे गावाहून ज्वारीचे पोते आणि शेंगा एसटीच्या टपावरून येत. त्यामुळे हातात रोख कमी असली तरी धान्याची चिंता नव्हती. १९६५ च्या वहीत मात्र दर सोमवारपुढे 'शास्त्री' असे लिहिलेले आढळले. आधी वाटले, कुणी शास्त्री आडनावाचे उधारीवाले असतील. मग लक्षात आले. देशात धान्याची टंचाई होती आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एकदा, सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले होते. आपल्याकडे रात्री जेवायचेच नसते, त्यामुळे आत्तींपुढे प्रश्न पडला असणार की सोडायचे काय! त्यांनी सोमवारी दिवसातून एकदाच जेवायचे ठरवलेले दिसते. त्याच वर्षी अन्न महामंडळ स्थापन झाले. वाणी, रेशन आणि देऊळ यांच्या बरोबरीने देशाचा पंतप्रधान एका फिटर-हेल्परच्या बायकोच्या वहीत आला, याची मला फार गंमत वाटली.

आता गोधडी. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. आजकाल गोधडी मोठ्या प्रदर्शनात टांगलेली दिसते आणि किंमत ऐकून आपण हात मागे घेतो. आत्तींच्या घरात ती हिशोबाची गोष्ट होती. घरात कापड फाटले की दोन वाटा असत. बोहारीण आली की तिला द्यायचे आणि स्टीलचे भांडे घ्यायचे, किंवा वाकळीला ठेवायचे. जरीचे, टेरिलीनचे, जे अंगाला टोचते पण दिसायला बरे, ते बोहारणीला. मऊ सुती लुगडे, धोतर, लेकरांचे सदरे वाकळीला. "बोहारणीला चकाकतंय त्ये द्यायचं, आपल्याला ऊब पायजे," असे त्या म्हणत. बोहारणीशी घासाघीस तासभर चाले आणि शेवटी एक वाटी वर मागून घेत.

वर आणि खाली एकेक जुने नऊवारी, आत जुने कपडे पाटीपाटीने पसरलेले, कुठे गाठ नाही की शिवण नाही, नाहीतर झोपल्यावर टोचते. मग कडेपासून टाके घालत आत आत यायचे. आपल्या पट्ट्यातल्या वाकळींची एक खूण आहे, ती गावाकडच्या वाकळीत नसते. आत कारखान्याचे कापड असते. कामगारांना गणवेश मिळत, निळे नाहीतर खाकी, जाडजूड. मशिनच्या तेलाचे डाग सोड्यात उकळून काढायचे आणि मग ते आतल्या थराला घालायचे. माझ्याकडे आत्तींची एक वाकळ आहे, एका कोपऱ्यात उसवली आहे, आतून खाकी दिसते आणि त्यावर खिशाची आकृती अजून आहे. आणि दोरा? दोरा विकत कोण आणणार! धान्याच्या आणि सिमेंटच्या पोत्यांची तोंडे मशीनवर शिवलेली असतात ना, त्या शिवणीचे बरोबर टोक सापडले की एका ओढीत सगळा दोरा सर्रकन निघतो. तो धुऊन पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायचा. मी या घरात आल्यावर मला पहिली विद्या शिकवली ती हे टोक ओळखायची. बी.कॉम.ला नव्हती.

एक वाकळ शिवायला किती तास लागत, ते मी तेव्हा एकदा मोजले होते. दुपारच्या दोन तासांच्या हिशोबाने सव्वा महिना. मी आत्तींना म्हटले, तासाला मजुरी लावली तर बाजारातली चादर स्वस्त पडेल. त्यांनी टाका घालता घालता विचारले, "आन् मला दुपारी दुसरं कोन काम देनार हाय?" यावर मला उत्तर सुचले नाही. अजून नीट सुचत नाही. घरबसल्या बाईच्या वेळेला किंमत नाही म्हणून वाकळ स्वस्त, हे खरे अर्थशास्त्र आहे आणि ते फार गोड नाही.

रॉकेलची टंचाई हा तर प्रत्येक वहीतला विषय. रेशनवर मोजून मिळायचे. तेव्हा चिंचवड-पिंपरीकडे घरोघर भुश्याची शेगडी असे. पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला एक भोक पाडायचे, त्या भोकातून एक आडवी काठी आणि वरून मधोमध एक बाटली किंवा गोल दांडके उभे धरायचे आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग दोन्ही अलगद काढून घेतले की मधे नळी तयार. खालून पेटवले की तासन्‌तास मंद आच मिळे. लाकडाच्या वखारींतून भुसा पोत्याने मिळायचा. आपल्या घरात त्याला एक काम जास्तीचे होते. भुसा उन्हात पसरून, चाळून, जीवजंतू नाहीत हे बघूनच भरायचा. शेजारणी हसत. एकजण म्हणाली होती म्हणे, "तुमच्यात जाळायला पण निवडून घेता होय?" आत्तींनी ते हसत हसत मला सांगितले होते, पण चाळणी काही सोडली नाही.

आपल्या नेमांचा खर्चावर काय परिणाम होतो, हेही या वह्यांत छान दिसते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. म्हणून गिरणीत पंधरा दिवसांचे दळून आणणे नाही. पावसाळ्यात घरच्या जात्यावर थोडे थोडे. त्यामुळे दळणावळीचा खर्च कमी आणि आत्तींचे खांदे दुखणे जास्त. डब्याचेही तसेच. अडीचशेच्या वर कामगार असतील तर कारखान्यात कॅन्टीन ठेवायचा तेव्हा कायदा होता आणि तिथे जेवण स्वस्त असे. पण कांदा-लसणाशिवाय भाजी कुठली मिळायला! त्यामुळे मामांचा डबा रोज घरूनच. याउलट कांदा महागला तर आम्हाला झळ नाही. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने सरकारे हलली तेव्हा आमची शेजारीण रडकुंडीला आली होती आणि आम्ही निवांत. चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध, आणि त्याच्या दहा कोसांत राहून साठ वर्षे आमच्या घरात दोन्ही नाही, असा हा योग आहे.

इथवर वाचताना मला मजा येत होती. नवव्या वहीपासून ती मजा गेली.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. गावाहून येणारे पोते बंद झाले. उलट मामांना गावी पैसे पाठवावे लागत. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. त्या भाकरीची आठवण काढली तरी आमचे हे अजून तोंड वाकडे करतात. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायका गोळा केल्या आणि लाटणी घेऊन मोर्चे निघाले. ते इतिहासात आहे आणि असायलाच हवे. आत्ती कुठल्या मोर्चाला गेल्या नाहीत. त्यांचे लाटणे घरातच होते.

१९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि १९७४ मध्ये आपल्याकडे महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या वर गेला. मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला. आणि जुलैपासून सरकारने नोकरदारांचा वाढीव महागाई भत्ता निम्मा कापून सक्तीच्या ठेवीत टाकायला सुरुवात केली. हेतू असा की लोकांच्या हातात पैसा कमी आला म्हणजे भाव उतरतील. कॉलेजात मला हा धडा होता, पाच मार्कांचा. ठेव पुढे व्याजासकट हप्त्यांनी परत मिळाली हेही खरे. पण आत्तींच्या वहीत त्याचे नाव 'सरकारने ठेवले' असे आहे आणि त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. सव्वीस वह्यांत दोन रेघा फक्त तिथे.

आता मूळ गोष्टीकडे येते. वह्यांच्या समासात आत्ती धर्माचे टिपण ठेवत. 'ए' म्हणजे एकाशन, 'उ' म्हणजे उपवास. अष्टमी आणि चतुर्दशीला त्यांचे एकाशन असे, म्हणजे महिन्याला चार. पर्युषणात आणि अष्टाह्निकेत जास्त, ते साहजिक. सुरुवातीच्या वह्यांत हे चार 'ए' अगदी घड्याळासारखे आहेत. नवव्या वहीत ते वाढू लागतात. दहाव्या-अकराव्यात, पर्युषण आणि अष्टाह्निका मी मोजणीतून वगळल्या तरी, महिन्याला नऊ, दहा, एका महिन्यात अकरा. मला आधी वाटले, कुणा मुनिमहाराजांकडे व्रत घेतले असेल. मग हिशोबी डोके चालवले आणि जुने पंचांग मिळवून तिथी लावून पाहिल्या. वाढलेले 'ए' कुठल्याच तिथीवर बसेनात. इंग्रजी तारखेवर मात्र बरोबर बसले. महिन्याची सव्वीस-सत्तावीस तारीख ते पुढच्या महिन्याची सहा. मामांचा पगार सात तारखेला होई.

मैत्रिणींनो, मी त्या दिवशी वही मिटून ठेवली आणि पुढचे चार दिवस उघडली नाही.

वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला फोन केला. त्या तेव्हा दहा वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "आई म्हणायची, आज माझं एकाशन हाय, तुम्ही बसा. आम्हाला वाटायचं आई लई धर्माची." मी विचारले, मग धर्म होता की धान्य नव्हते? बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "वहिनी, तिला तरी वेगळं सांगता आलं असतं का?"

मला हे सुटेना. तपाने निर्जरा होते असे आपण म्हणतो. पण ताटात नाही म्हणून केलेल्या उपवासाचे काय? आणि ज्याला आपण इतकी वर्षे अभिमानाने 'आमच्या आत्तींची कडक साधना' म्हणत आलो, ती नुसती सव्वीस तारीख होती का? यंदा आपल्याकडे चातुर्मासाला आलेल्या एका आर्यिका माताजींना मी हे धीर करून विचारले. वह्याही नेल्या होत्या. त्यांनी पाने चाळली आणि विचारले, "त्या दिवशी मुलांच्या ताटात काय होते, ते यात आहे का?"

घरी येऊन पाहिले. दूध अर्धा लिटर. महिन्याच्या पहिल्या तारखेला अर्धा, पंधराला अर्धा, तीसला अर्धा. अकरा 'ए' असलेल्या महिन्यातही दूध एक दिवस कमी नाही. माताजींना परत जाऊन ते सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. उत्तर असे काही दिले नाही आणि मीही मागितले नाही.

काटकसरीचे आपल्यात फार कौतुक आहे. अपरिग्रहाचे नाव घेऊन आपण ते आणखी वाढवतो. पण मला आता वाटते, दोन्ही एकत्र करू नयेत. परिग्रहपरिमाण हे अणुव्रत आहे, म्हणजे असताना मर्यादा घालून घेणे. शास्त्र तर वस्तूला नाही, वस्तूवरच्या आसक्तीला परिग्रह म्हणते. ज्या घरात पोत्याचा दोरा साठवतात तिथे परिग्रह नाही असे थोडेच आहे? आत्तींचा त्या दोऱ्याच्या पुठ्ठ्यात भारी जीव होता, मी एकदा हरवला तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट घ्या. आपल्यातल्याच त्या. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवायला घालायला त्यांनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. त्यांनी असलेले सोडले. आत्तींकडे सोडण्यासारखी वस्तू नव्हती, भाकरी तेवढी होती.

१९७७ नंतर 'ए' पुन्हा चारावर येतात. बोनसच्या कायद्याप्रमाणे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. मधे आणीबाणीत तो खाली आणला होता, तो परत आला. त्या दिवाळीच्या पानावर 'बोनस' आणि खाली 'उषाचे मशीन - पहिला हप्ता'. १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, तेव्हापासून आत्ती पुण्यात रविवार पेठेत जाऊन चिंध्यांचे गाठोडे किलोवर आणू लागल्या. त्यातून झबली, टोपडी, पिशव्या. इथे वहीत पहिल्यांदा जमेच्या बाजूला त्यांची स्वतःची रक्कम दिसते. आणि ती त्यांनी कुठल्या नावाने लिहिली आहे माहीत आहे? 'इतर'. मामांचा पगार 'जमा', यांची शिलाई 'इतर'.

मी आले तेव्हा आम्ही प्राधिकरणातल्या घरात नुकतेच गेलो होतो. चार वर्षांनी यांच्या कंपनीत ले-ऑफ लागला. ले-ऑफ म्हणजे कामावरून काढत नाहीत, पण काम नाही म्हणून घरी बसवतात आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मे देतात. थोरला तेव्हा दोन वर्षांचा, धाकटी पोटात. मी घाबरून गेले. आत्तींनी त्या दिवशी मला न विचारता एका वर्कशॉपातून रबराच्या वायसरांचे पोते आणवले. साच्यातून निघालेल्या रबराच्या भागांना कडेने पातळ पापुद्रा राहतो, तो कात्रीने कापून द्यायचा. शेकड्यावर पैसे. त्या काळी आपल्याकडे किती घरांत हे काम चालायचे! दुपारी गल्लीतल्या पायऱ्यांवर बायका बसून कात्र्या चालवत. बोटाला घट्टे पडत आणि रबराचा वास हाताला राही, जेवताना यायचा. त्यासोबत वायरच्या पिशव्या. प्लॅस्टिकच्या रंगीत वायरीची बंडले आणून, दोन रंग घेऊन, तळ आधी विणायचा आणि मग बाजू वर न्यायच्या. मी हिशोब लिहायची, कुणाच्या किती पिशव्या, कुणाचे किती येणे. आत्ती म्हणाल्या, "आता घाल तुझं ते लेजर."

म्हणून सत्ताविसाव्या वहीचा शोध घेऊ नका, ती माझ्या अक्षरात आहे, वेगळ्या पेटीत. त्यात मी शिलाई, वायसर, पिशव्या असे तीन कॉलम केले आहेत आणि 'इतर' ठेवलेले नाही. यांचा ले-ऑफ साडेतीन महिन्यांनी संपला. त्या काळात घरातल्या रोख खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा त्या तीन कॉलमांतून आला होता. हे मी यांना तेव्हा दाखवले नाही. परवा दाखवले. ते बराच वेळ पान धरून बसले आणि म्हणाले, "मला वाटायचं पतपेढीच्या कर्जावर निभावलं."

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून, सुईने विणलेले आसन अजून आमच्या स्वाध्यायाच्या पाटाखाली आहे. चाकणला मुलगा राहतो. तिकडे आता मोठमोठ्या गाड्यांचे कारखाने आहेत आणि त्याच्या सोसायटीत कचऱ्यातून कला शिकवणारा वर्ग चालतो. सून तिथे पैसे भरून गोधडी शिकून आली. छान शिवते. मी तिच्यावर हसले नाही, माझे हसून झाले आहे पूर्वीच. तिला आत्तींची ती उसवलेली वाकळ दिली आणि म्हटले कोपरा नीट कर. तिने विचारले, "आई, आतला खिसा दिसतोय तो झाकू का तसाच ठेवू?" मी म्हटले, राहू दे.

आत्ती गेल्याला तेरा वर्षे झाली. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर डिसेंबर १९९१ ची नोंद आहे. साखर, काडेपेटी, देवळात सव्वा रुपया, नातवाला पेन्सिल. खाली 'नळाची पिशवी', आणि पुढे, नेहमीसारखे, 'घरचे'.